गव्हात चूक नव्हती

भाऊजी, तुमच्या वहीची मागची पानं कोरी आहेत म्हणून तिथेच लिहितेय. पुढच्या पानांवर सगळं तुमचं पट्टीने आखलेलं, बारीक पेन्सिलीचं, तिथे माझं अक्षर नको. आज माझे दोन्ही हात मोकळे आहेत, ते कसे ते सांगते पुढे, आधी सुचेल तसं लिहू दे, कारण थांबले तर परत सुरू होणार नाही.

तुमचं तेरावं झालं त्याला चार दिवस झाले. बेसणुं, इथली शोकाची बैठक, त्याच्या आधीच झालं, सोसायटीवाल्यांनी खाली पार्किंगमध्ये पांढऱ्या चादरी घातल्या, तुमच्या फोटोला सुखडाचा, चंदनाचा हार, आणि फोटो पण कुठला तर तो लग्नातला, माझ्या लग्नातला, तुम्ही फेटा बांधून हसताय. सगळे रडले. मी रडले नाही. समोरच्या हंसाबेन आईंच्या कानाशी म्हणाल्या, आ तो साव सूनमून थई गई छे, ही तर अगदीच सुन्न झालीय. मला ऐकू आलं. मला सगळं ऐकू येतं, दिसतं, मी पोळ्या करते, चिऊला न्हाऊ घालते, फक्त आत काही पोचत नाही. चहा गरम आहे हे ओठाला कळतं, मला कळत नाही. असं काहीतरी.

बेसणुंला तुमच्या मावशी मला विचारत होत्या, हा दर रविवारी दार लावून मित्रांबरोबर काय करायचा गं, पत्ते? मी म्हटलं नाही मावशी, ते एक राज्य होतं. मग मलाच हसू यायला हवं होतं पण नाही आलं. मी सांगितलं, चौघं पाचजण बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कोणी पहारेकरी, कोणी लोहार, आणि काही करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकतात. मावशी म्हणाल्या म्हणजे पोरांचा खेळ. मी हो म्हटलं. तुम्ही असता तर अर्धा तास भांडला असता. त्यांना हे नाही सांगितलं की त्या राज्यातली हत्यारं तुम्ही सहा महिने खरी करत बसला होता, आणि ती खरी करताना मी तिथेच बसलेली असायचे.

चिऊ झाली तेव्हा आठ दिवस काचेच्या पेटीत होती हे तुम्हाला माहीतच आहे. घरी आणली तेव्हापासून मला एकच काम, तिचा श्वास बघणं. आईंनी घोडियुं पुढच्या खोलीत लावायला सांगितलं, तिथे वारा येतो म्हणून. स्टीलच्या नळ्यांची ती घोडी, त्यात कापडाची झोळी आणि ओढायला दोरी, मी सकाळपासून ती दोरी धरून. तुम्ही गोरव्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून साडेतीनला यायचात, हात धुवायचात, आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचात. मला वाटायचं कंपनीचं ड्रॉइंग आहे. एक दिवस विचारलं तर म्हणालात, कंपनीचं नाही वहिनी, सातकोतरचं. सातकोतर म्हणजे सात कोतरांच्या मधलं तुमचं राज्य, मही नदीच्या काठाला जशी मातीची कोतरं, खोल घळी असतात तशी, आणि त्यात एक गड, आणि गडावर क्रॉसबो घेतलेले पहारेकरी. मला क्रॉसबो काय ते माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, धनुष्य आडवं करून लाकडावर बसवलेलं, दोरी एकदा मागे अडकवली की ती तशीच राहते, मग फक्त खालचा खटका दाबायचा. म्हणजे पैलवान नको, कोणीही चालवू शकतं.

मी म्हटलं मग सगळेच तेच का नाही वापरत.

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. म्हणालात, सिनेमात बघता ना, धाडधाड सोडत सुटतात, ते खोटं. एक बाण सोडला की दुसरा चढवेपर्यंत तो माणूस उघडा असतो वहिनी. मान खाली, पाय धनुष्याच्या पुढच्या रिकिबीत, दोन्ही हात गुंतलेले. त्या उघड्या वेळातच सगळा खेळ आहे, आणि तोच कोणी नीट मोजत नाही.

मी म्हटलं, कळलं मला. मी दूध गरम करायला आत जाते आणि चिऊ इथे एकटी असते, तेवढा वेळ.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्यानंतर तुम्ही मला सगळं सांगायला लागलात. नववीत शाळा सुटलेल्या बाईला असं कोणी काही सांगत नाही हो. तुमचे दादा चांगले आहेत पण ते सांगत नाहीत, ते दमून येतात. तुम्ही मला विचारायचात. दोरी सुताची असेल तर पावसात काय होईल, विचारलंत, आणि मी म्हटलं काय होणार, घोडियुंची दोरी चिऊच्या शूने ओली झाली की ढिली पडते आणि हात घसरतो, मेण लावावं लागेल. तुम्ही ते लिहिलंत. पान अकरा. मी काल बघितलं, आहे अजून. ‘पावसात मेण न लावलेली दोरी: मारा निम्मा.’

वयाने तुम्ही मोठे, नात्याने मी मोठी, त्यामुळे दोघंही एकमेकांना अहोजाहो करत चिडवायचो. मी पन्नास वेळा उठून चिऊच्या नाकाखाली बोट धरायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, वहिनी, तुम्ही चोवीस तास चढवलेल्या. धनुष्य चढवून तसंच ठेवलं ना की त्याचा जीव जातो, जोर मरतो, उतरवून ठेवावं लागतं मधूनमधून. मी म्हणायचे आणि गडाखाली कोणी अचानक आलं तर? उतरवून ठेवलेलं काय कामाचं? तुम्ही म्हणायचात हे बरोबर आहे, याचा नियम करायला पाहिजे. किती वेळ चढवून ठेवता येईल, किती वेळाने मरेल. तो नियम झाला नाही. त्या पानावर फक्त वर नाव आहे आणि खाली काही नाही.

मोजायचं कसं, तर तुम्हाला सगळं खरं हवं. गॅलरीत छताला हिंचक्याची, म्हणजे झोपाळ्याची, कडी आहेत, हिंचको तर आपल्याकडे कधीच नव्हता, त्या एका कड्याला तुम्ही कंपनीतून आणलेली पुली बांधलीत, त्यावरून दोरी, आणि दोरीच्या टोकाला काय, तर आईंनी वर्षाचे भरलेले गहू. दिवेल, म्हणजे एरंडेल, लावून ठेवलेल्या गव्हातलं एक पोतं. लाकडी दांडा जमिनीला धरून दोरी ओढायची, पोतं वीतभर वर उचललं जाऊन दोरी खुंटीत अडकली की क्रॉसबो चढला. धनुष्य नाहीच, फक्त वजन खरं. आई म्हणाल्या, बाकीच्यांच्या पोरांना हत्याराची हौस असते, माझ्या पोराला गव्हाची. तुमच्या हाताला आठवडाभर दिवेलाचा वास होता आणि कंपनीत कोणीतरी विचारलं म्हणे, पोट बिघडलंय का.

आणि वेळ मोजायला मी. सेकंद लिहायचे नाहीत असं तुमचं म्हणणं, सातकोतरमध्ये घड्याळं नाहीत, सेकंद म्हटलं की खेळणाऱ्यांच्या डोक्यात मोबाईल येतो. मग तुम्ही दोरी ओढणाऱ्या माझ्याकडे बघून म्हणालात, झोका. लोंबकळती वस्तू एकाच वेळात झुलते वहिनी, जोरात ढकला की हळू, शाळेत शिकवतात दहावीला. मी म्हटलं मी नववीपर्यंतच होते. तुम्ही पहिल्या दिवशी मोबाईल लावून बघितलंत, वीस झोके, परत वीस झोके, अगदी सारखे. त्या दिवशी चिऊ छान झोपली होती. तुम्ही खूश झालात आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंत, हत्यारं: मयूर. गोष्ट: फोरम. वेळ: वहिनी.

माझं नाव आजवर कुठे लिहिलेलं असेल तर रेशन कार्डावर आणि चिऊच्या दवाखान्याच्या फायलीवर. हे तिसरं. रविवारी ती गोष्ट सांगणारी फोरम आणि तुमचा मित्र जिगर आले की तुम्ही त्यांना सांगायचात, माझ्या वहिनीचा हात म्हणजे घड्याळ. मी चहा देताना ऐकायचे. मी दोनदा चहा द्यायचे त्यासाठी.

चढवायच्या तीन तऱ्हा मोजल्या. दोरी कंबरेच्या पट्ट्याला आकडा लावून उठून उभं राहत ओढली तर आठ झोके. चरखी लावून फिरवत ओढली तर बावीस, पण वजन दुप्पट खेचते. आणि तिसरा तो तुमचा लाडका, दोन फाट्यांचा दांडा, बकरीचा पाय. तो बसवायचा आणि एका झटक्यात मागे खेचायचा. तो तुम्ही लाकडाचा स्वतः केला होता, कंपनीत जेवणाच्या सुट्टीत घासून घासून. तो मोजला त्या दिवशी चिऊला लस दिलेली होती. अंग तापलं होतं तिचं. तुम्ही गॅलरीत, मी इथे दोरी धरून मोठ्याने मोजत, आणि तिचा श्वास जोरात चाललेला, आणि माझा हात... तुम्ही पाठमोरे होता. झोका आपणहून झुलला तर सारखा झुलतो भाऊजी, पण मी त्याला आपणहून झुलू देते कुठे. मी घाबरले की अर्ध्यावरच ओढते, परत ओढते, परत. मी मोजले चौदा. तुम्ही लिहिले चौदा.

चौदा म्हणजे पट्ट्याच्या आकड्यापेक्षा हळू आणि चरखीपेक्षा कमजोर. मग तो दांडा कशाला कोणी वापरेल? जिगर रविवारी म्हणाला, मयूर, तारी बकरी तो लंगडी छे. सगळे खूप हसले, तुम्ही पण हसलात, आणि ते पान तुम्ही लाल पेनाने रेघ मारून कापलंत.

पण तुम्हाला चैन पडेना. जुन्या चित्रांत घोडेस्वारांच्या हातात तोच दांडा आहे म्हणायचात, आपले पणजोबा पागेत होते, घोड्यावर बसून एवढा वेळ लागणारी गोष्ट कोण वापरेल. मग परत केलात, थोडा लांब. मग परत, थोडा वाकडा. एकदा नऊ झोके आले. एकदा तेरा. एकदा सात. दांडा तोच आणि आकडे वेगळे. तुम्ही वहीवर डोकं ठेवून बसला होता टेबलाशी, आणि मी मागचे दिवस मनात मोजले. तेरा आले तेव्हा तिला सर्दी होती. नऊ आले तेव्हा ती फार गप्प झोपली होती, फार गप्प झोपली की पण मला भीती वाटते. मला कळलं. त्याच क्षणी कळलं, अगदी स्वच्छ, आणि मी बोलले नाही. वहीचं पहिलं पान माझ्या डोळ्यासमोर होतं. वेळ: वहिनी. मी म्हटलं असतं की माझा हात घड्याळ नाही तर तुम्ही काही रागावला नसता, हसला असता, खोडरबर घेतला असता. मला तो खोडरबर नको होता.

मग तुम्ही गव्हावर गेलात. तुम्हाला वाटलं वजन बदलतंय, म्हणजे आई पोत्यातून गहू काढताहेत दळायला. आई म्हणाल्या नाही रे, मी डब्यातले काढते, ते पोतं तुझंच ठेवलंय. तुम्ही म्हणालात मग आकडा कसा बदलतो. आई चिडल्या, म्हणाल्या माझ्या घरात माझ्याच गव्हाचा हिशोब मागतोस, आणि तुम्ही शुक्रवारी आईंशी न बोलता जेवलात. पहिल्यांदाच असेल ते. तुम्ही तसे रागावणारे नव्हतात.

शनिवारी सकाळी बूट घालता घालता मला म्हणालात, करजणला जिगरच्या काकांच्या कापसाच्या गोदामात जुना ताणकाटा पडलाय, टांगून वजन बघायचा, तो घेऊन येतो, सुट्टी आहे, दुपारपर्यंत परत. बुटाची लेस बांधत होता. आणि मान वर करून विचारलंत, ते मी आता रोज ऐकते.

“वहिनी, तुम्हाला काय वाटतं, चूक कुठे असेल?”

मी दोरी ओढत होते.

“गव्हात असेल,” म्हटलं मी.

तुम्ही म्हणालात, मला पण तेच वाटतं. आणि गेलात.

पुढचं मी लिहीत नाही. हायवेवर काय झालं ते पोलिसांनी तुमच्या दादांना सांगितलं, ते आईंना सांगत होते तेव्हा मी उठून आतल्या खोलीत गेले आणि कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. काटा आला घरी. तुमची बॅग आली, त्यात काटा होता, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला, त्याला ओरखडा पण नाही.

आता तुम्हाला माहीत नाही ते सांगते. आईंनी त्या दिवसापासून गव्हाला हात लावलेला नाही. घरात दुकानातलं तयार पीठ येतंय, आईंच्या घरात, ज्या बाहेरची पोळी खात नाहीत. पाचव्या का सहाव्या दिवशी मी भाजी चिरत होते तर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळू म्हणाल्या, काढले असतील गं मी. चार वाट्या काढले असतील, विसरले असेन, आता वय झालं, आणि मी त्याला खोटं पाडलं. मी सरळ हो काढले म्हटलं असतं तर तो गेलाच नसता काट्यासाठी. मी ऐकत होते. भाजी चिरत होते. भेंडी होती. मला माहीत होतं त्यांनी दाणा पण काढला नव्हता, आणि मी भेंडीची देठं वेगळी करत बसले. मग त्या तेच रोज बोलायला लागल्या. तेराव्याला भटजींना विचारत होत्या, अन्नावरून मुलगा गेला तर काय दान द्यायचं. भटजींना कळेना. तुमच्या दादांना वाटलं आईचं डोकं फिरलंय. फक्त मला कळत होतं.

भीती वाटायची मला ना, आयुष्यभर सगळ्याची, कुकरची, लिफ्टची, आणि आता ज्याची वाटायला पाहिजे त्याची वाटत नव्हती. मी बघत होते आणि गप्प होते.

काल रविवार. फोरम आणि जिगर आले. जिगर दारातच बूट काढायला वाकला आणि तसाच वाकून राहिला बराच वेळ. तुमचे दादा होते घरी. फोरमने सांगितलं की त्यांना सातकोतर एकदा पूर्ण खेळायचंय, शेवटपर्यंत, तुमच्या नावाने, तर वही द्याल का. तिने वही उघडली, पानं उलटली, लाल कापलेल्या पानाशी थांबली. म्हणाली, भाभी, आ केम काढी नाख्युं, हे का काढून टाकलं? जिगर म्हणाला मी बोललो होतो ना, लंगडी, म्हणून. आणि भिंतीकडे बघायला लागला. तो तसा फार चेष्टेखोर मुलगा आहे.

मी दोरी धरून बसले होते आणि माझ्या तोंडून आलं, तो आकडा चुकीचा आहे, माझ्यामुळे. मी ठरवलं नव्हतं. मग सगळंच सांगितलं, लसीचा दिवस, सर्दी, हात कसा पळतो ते. फोरम ऐकून घेऊन म्हणाली, भाभी, पण गडावरचे लोकं पण घाबरलेलेच असणार ने, मग घाबरलेला आकडाच खरा, असंच ठेवू या. फार चांगली मुलगी आहे. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. पण मला तुमचा आवाज ऐकू आला, तुम्ही म्हणाला असता भीतीचा फासा वेगळा आहे फोरम, तो वेगळा टाकायचा, वेळेत मिसळायचा नाही. मी तिला तेच सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू तुम्हीच बोललात.

मग आम्ही परत मोजलं. दुपारचे चार वाजले असतील. जिगरने पुली परत कड्याला बांधली, दादांनी पोतं उचलून दिलं, तुमचे दादा, जे तुमच्या या खेळाला रिकामटेकडेपणा म्हणायचे, त्यांनी स्वतः पोत्याचं तोंड बांधलं. आधी तो करजणचा काटा लावला. पोत्यावर तुम्ही खडूने वजन लिहून ठेवलं होतंत. काट्याचा काटा बरोबर तिथेच येऊन थांबला. जितके होते तितके.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या, मला दिसलं नव्हतं.

जिगरने बकरीचा पाय लावला. फोरमने मोबाईल धरला. मी दोरी ओढली. चिऊला पुन्हा सर्दी आहे भाऊजी, काल तिच्या छातीत घरघर होती, मला ऐकू येत होती, आणि माझा हात पळाला नाही. एकसारखा. जाऊ दिली झोळी पूर्ण पुढे, पूर्ण मागे. सहा झोके. परत केलं, सहा. परत, सहा. फोरम म्हणाली भाभी, एकदम घड्याळ. पट्ट्याच्या आकड्याला आठ लागतात, तुमच्या दांड्याला सहा. तुम्ही बरोबर होता. तो पहिला, साधा, न वाकवलेला, तोच बरोबर होता.

तुम्ही सांगितलेलं ते घड्याळ मी काल झाले आणि मला काही वाटलं नाही. पोरीच्या छातीत घरघर होतेय आणि तिच्या आईचा हात थरथरत नाही. हे बरं आहे का? मी तेव्हा त्यावर विचार करत होते आणि आईंचा आवाज आला.

“किती भरले?”

जिगरने वजन सांगितलं. पोत्यावर लिहिलंय तेवढेच, म्हणाला.

“मग तो माझ्यावर कशाला रागावला?” असं त्या कोणालाच विचारत नव्हत्या. पदराने हात पुसत होत्या, हात कोरडेच होते.

आणि मी म्हटलं. इतक्या दिवसांत मी त्यांच्याशी एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते.

“आई, गव्हात चूक नव्हती. माझ्या हातात होती. मला माहीत होतं. त्यांनी जाताना विचारलं, आणि मी गव्हात असेल म्हटलं.”

पुलीवरची दोरी हलत होती तेवढीच. दादा जमिनीकडे बघत होते, त्यांनी वर बघितलं नाही, अजूनही बघितलेलं नाही. मला वाटलं आता आई मारतील, मारलं तर बरं होईल. त्या सावकाश चालत आल्या, गुडघे दुखतात ना त्यांचे, घोडियुंशेजारी खाली बसायला त्यांना वेळ लागला, हात टेकून बसल्या, आणि हात पुढे केला.

“दोरी दे इकडे.”

मी दिली. एवढंच. माफ केलं की काढून घेतली ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

फोरम आणि जिगर वही नेणार होते, मी म्हटलं आजचा दिवस राहू द्या, उद्या देते. म्हणून हे सगळं आज. लाल रेघ मी पुसली नाही, तुमची आहे ती. खाली लिहिलं, बकरीचा पाय, सहा झोके, तीनदा मोजले. पहिल्या पानावर पण गेले होते. वेळ: वहिनी. तिथे पेन टेकवून बराच वेळ बसले आणि काही केलं नाही. राहू दे की काढू, हे तुम्हीच सांगायला पाहिजे होतंत, आणि ते चढवून ठेवलेल्या धनुष्याचं पण. किती वेळ राहतं. त्या पानाचं उत्तर तुम्ही रविवारी सांगतो म्हणाला होता.

आज सकाळी आईंनी पोत्याचं तोंड सोडलं आणि परातीत गहू काढून निवडत बसल्या. माझ्याशी बोलत नाहीत. पण पीठ घरचं येईल आज. आणि चिऊची दोरी कालपासून त्यांच्याच हातात आहे, आत्ता पण, एका हाताने गहू, एका हाताने दोरी. त्यांचा हात फार संथ आहे भाऊजी. मला बसवत नाही बघत. मी टेबलाशी तुमच्या जागेवर बसलेय. आज चिऊची घरघर जास्त आहे का मला तसं वाटतंय, आई काही म्हणत नाहीत, म्हणजे नसेल. तुमचा तो बकरीचा पाय मी वहीबरोबरच द्यायचं ठरवलंय, जिगर म्हणाला त्याला पॉलिश

ही जी तिरकी रेघ पानावरून खालपर्यंत गेलीय ना, ती मी मारली नाही. चिऊ खोकली. दोरी आईंच्या हातात होती, आणि माझा हात ओढला गेला.